जॉन थॉमसन: बावीस वर्षांचा गोलरक्षक

आपल्यापैकी जे ग्लासगोच्या आसपास राहतात, त्यांच्या मुलांना कधी ना कधी हा प्रश्न येतोच: तू सेल्टिकचा की रेंजर्सचा? सेल्टिक हा आयरिश कॅथलिक स्थलांतरितांच्या वस्तीतून उभा राहिलेला क्लब, तर रेंजर्सचे पाठीराखे मुख्यतः प्रोटेस्टंट. हे वैर शंभर वर्षांहून जुनं आहे. आजची गोष्ट त्यातल्याच एका गोलरक्षकाची आहे.

जॉन थॉमसनचा जन्म २८ जानेवारी १९०९ रोजी फाइफमधल्या कर्कॉडीत झाला. तो वाढला कार्डेंडन या खाणकामगारांच्या गावात आणि चौदाव्या वर्षी वडिलांप्रमाणे कोळशाच्या खाणीत कामाला लागला. १९२६ साली सेल्टिकने त्याला अवघ्या १० पौंडांत घेतलं. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. पहिल्याच मोसमात, १९२७ मध्ये, त्याने स्कॉटिश कप जिंकला आणि १९३१ मध्ये पुन्हा एकदा. स्कॉटलंडकडून तो चार सामने खेळला. आणि लक्षात घ्या, सेल्टिकचा हा लाडका पोरगा प्रोटेस्टंट घरातला होता.

तो फार उंच नव्हता, पण चपळ होता आणि निडरही. समोरून धावत येणाऱ्या खेळाडूच्या पायांवर झेप घेऊन चेंडू काढायचा. १९३० साली अशाच एका झेपेत त्याचा जबडा आणि बरगड्या मोडल्या. बरा होऊन तो परत आला आणि तसाच खेळत राहिला.

५ सप्टेंबर १९३१. रेंजर्सचं आयब्रॉक्स मैदान, सुमारे ८०,००० प्रेक्षक. उत्तरार्ध नुकताच सुरू झाला होता. रेंजर्सचा तरुण आघाडीवीर सॅम इंग्लिश चेंडू घेऊन गोलकडे धावला आणि थॉमसनने त्याच्या पायांशी झेप घेतली. इंग्लिशचा गुडघा थॉमसनच्या डोक्यावर आदळला, कवटीचं हाड आत दबलं. गोलमागे उभ्या रेंजर्सच्या पाठीराख्यांना प्रकार कळला नाही, ते ओरडू लागले. तेव्हा रेंजर्सचा कर्णधार डेव्ही मायकलजॉन त्यांच्याकडे वळला आणि त्याने हात वर केला. मैदान शांत झालं.

बदली खेळाडू घेण्याची सोय तेव्हा नव्हती. चिक गीटन्स गोलमध्ये उभा राहिला आणि सामना गोलशून्य सुटला. त्याच रात्री साडेनऊच्या सुमारास व्हिक्टोरिया इन्फर्मरीत थॉमसन गेला. वय २२.

अंत्यसंस्कारासाठी कार्डेंडनमध्ये हजारो लोक जमले. मंदीचे दिवस होते, अनेकांच्या हाताला काम नव्हतं. गाडीभाड्याचे पैसे नसलेली काही माणसं ग्लासगोहून सुमारे ५५ मैल पायी चालत आली. ग्लासगोत झालेल्या प्रार्थनासभेत बायबलमधला उतारा वाचला, तो त्याच मायकलजॉनने.

पण मंडळी, त्या मैदानावर आणखी एका तरुणाचं आयुष्य मोडलं, आणि त्याची आठवण फार कमी निघते. चौकशीत तो निव्वळ अपघात ठरला. थॉमसनच्या घरच्यांनीही सॅम इंग्लिशला दोष दिला नाही. त्या मोसमात त्याने लीगमध्ये ४४ गोल केले, एका मोसमातला रेंजर्सचा तो विक्रम आहे. तरीही प्रेक्षक त्याला खुनी म्हणून डिवचत राहिले. १९३२ मध्ये तो लिव्हरपूलला गेला, पण टोमणे तिथेही पोहोचले. १९३८ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, त्याने खेळ सोडला.

ज्यांचा मुलगा गेला, त्यांनी सॅमला समजून घेतलं. ज्यांचं काहीच गेलं नव्हतं, त्यांनी नाही घेतलं.

आपली मुलं कुठल्याही रंगाची जर्सी घालोत, हिरवी-पांढरी किंवा निळी. ती अंगावर चढवताना त्यांना थॉमसनबरोबर सॅम इंग्लिशचीही गोष्ट सांगा. आणि तो वर झालेला हात विसरू नका. आपलेच लोक चुकत असताना त्यांना थांबवणं समोरच्याशी भांडण्यापेक्षा अवघड असतं.