वाढीव साऱ्याची चाहूल

जमिनीचा सारा वाढणार अशी कुणकुण लागली की दख्खनच्या गावांत हालचाल सुरू होई, ती सरकारी हुकूम येण्याच्या कितीतरी आधी. पड जमीन उचलायला निघालेला माणूस थांबे, सावकार हात आखडता घेई, आणि ज्याचे गावात वतन नाही असा उपरी बैलजोडी घेऊन शेजारच्या मुलखाची वाट धरी. महसुलाच्या इतिहासात दरांचे आणि टक्क्यांचे आकडे भरपूर मिळतात. रयतेच्या या हालचाली मात्र अहवालांतून इकडेतिकडे विखुरलेल्या आहेत. पुणे जिल्ह्याच्या, त्यातही इंदापूर आणि भीमथडी तालुक्यांच्या, एकोणिसाव्या शतकातील अनुभवात त्या सर्वांत ठळक दिसतात.

पेशवाईत जमीन कसणाऱ्यांचे मुख्यतः दोन वर्ग होते. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असे आणि गावकीत त्याला मान असे. उपरी वर्षादोन वर्षांच्या करारावर जमीन करी. साऱ्याचा बोजा वाढला की दोघांचे वागणे वेगळे होई. मिरासदार वाडवडिलांची जमीन आणि गावातला मान सोडायला सहजी तयार नसे. तो कर्ज काढी, दागिना मोडी आणि टिकून राही. उपऱ्याला अडवणारे काही नव्हते. तो निघून गेला की त्याची जमीन पड राही आणि गावाच्या एकंदर आकारणीतला त्याचा वाटा मागे राहिलेल्यांच्या माथी येई. म्हणून उजाड होत चाललेले गाव वसवायला सरकारला कौल द्यावा लागे. इस्ताव्याच्या कौलात पहिल्या वर्षी नाममात्र सारा घेत आणि तो दरसाल थोडा थोडा वाढवून काही वर्षांनी पूर्ण दरावर आणत. या कौलाचे खरे मोल सवलतीपेक्षा त्यातल्या स्पष्टपणात होते. कोणत्या वर्षी किती द्यायचे हे कुळाला आधीच ठाऊक असे, आणि त्या भरवशावर ते नांगर धरायला तयार होई.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात हा भरवसा मोडला. महाल मक्त्याने दिले जाऊ लागले. जास्त बोली करणाऱ्या मक्तेदाराला पुढच्या वर्षी मक्ता आपल्याकडे राहील याची खात्री नसे, त्यामुळे हाती असलेल्या मुदतीत जेवढे निघेल तेवढे तो काढी. १८१८ नंतर इंग्रजी अंमलात एल्फिन्स्टनने मक्तेदारी बंद केली, पण साऱ्याची मागणी चढीच राहिली. लवकरच धान्याचे भाव कोसळले. रोख सारा तोच, आणि तो भरायला विकावी लागणारी ज्वारी मात्र पूर्वीपेक्षा जास्त, असा पेच पडला.

या पेचात रॉबर्ट कीथ प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याच्या जमाबंदीची भर पडली. प्रत्येक शेताचे उत्पन्न काढायचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे, अशी ही योजना होती. कागदावर ती नेटकी दिसे. प्रत्यक्षात उत्पन्नाचे अंदाज चुकले, मोजणीच्या कारकुनांनी लाच घेऊन प्रती बदलल्या आणि वसुलीच्या वेळी रयतेचे अतोनात हाल झाले. लोकांनी उत्तर दिले ते पायांनी. शेकडो कुटुंबे परागंदा होऊन शेजारच्या संस्थानी मुलखात गेली. काही तालुक्यांत लागवडीलायक जमिनीपैकी तिसरा हिस्साही वहिवाटीत उरला नाही, हे पुढे मुंबई सरकारच्याच अहवालाने कबूल केले. शेते पड पडली तेव्हा सुतार, लोहार, मांग, महार यांचीही उपासमार झाली, कारण त्यांचे बलुते खळ्यावरच्या राशीतूनच निघायचे. साऱ्याच्या वादात बलुतेदाराचे आणि शेतमजुराचे नाव क्वचितच येते. त्याच्या नावावर जमीन नव्हती, पण जमीन सुटली की पहिला फटका त्यालाच बसे.

१८३५ साली एच. ई. गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट इंदापुरात आले ते ही मोडलेली घडी बसवायला. त्यांनी उत्पन्नाच्या हिशोबाचा नाद सोडला आणि जमिनीची प्रतवारी हाती घेतली. प्रतवारीचा कारकून शेताचे भाग पाडी, प्रत्येक भागात पहारीने माती उकरून तिची खोली हाताने मोजी आणि रंग-पोत पाही. पावणेदोन हात खोल काळी कसदार जमीन सोळा आण्यांची धरत. खोली कमी आणि माती हलकी होत जाई तसे आणे उतरत, आणि नवव्या प्रतीला जेमतेम दोन आणे उरत. त्यात दोष निघाला की प्रत आणखी खाली येई. चुनखड, वालसर म्हणजे रेतीमिश्रित, उताराची, पावसाळ्यात झरे फुटणारी उपळवट, अशी दोषांची नावे नकाशावर खुणांनी नोंदत. शेतकऱ्याचे सगळे लक्ष या खुणांकडे असे. आपल्या शेतात चुनखड किती आणि उतार किती हे तो कारकुनाला हिरिरीने दाखवी. गुण सांगायची त्याला गरज नव्हती.

१८३६ च्या या जमाबंदीत दर पूर्वीपेक्षा उतरले, पण तिचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य मुदत हे होते. सारा तीस वर्षे वाढणार नव्हता. शिवाय शेतकऱ्याला दरवर्षी नको असलेला सर्व्हे नंबर राजीनामा देऊन सोडता येई आणि नवा कबुलायत देऊन घेता येई. पड जमिनी झपाट्याने उठल्या. गेलेली माणसे परतली. जमिनीला विकत घेण्याजोगी किंमत आली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने हीच पद्धत मुंबई इलाख्याची पद्धत म्हणून पक्की केली. प्रिंगलची आणि विंगेटची जमाबंदी शेजारी ठेवून पाहिली तर दरातला फरक महत्त्वाचा होताच, पण नांगर परत शेतात आला तो मुख्यतः तीस वर्षांच्या शब्दामुळे, हे मान्य करावे लागते.

त्या शब्दाची मुदत भरत आली ती मोठ्या विलक्षण काळात. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वर्षांत मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्याबरोबर धान्यही महागले. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग इंदापूर तालुक्यातून गेला. रेल्वेच्या कामावर, पुणे आणि खडकीच्या सरकारी बांधकामांवर, बैलगाडीच्या भाड्यावर गावोगावच्या लोकांना रोख मजुरी मिळू लागली. हा पैसा काही प्रमाणात जमिनीत गेला, काही लग्नकार्यांत, आणि त्याच्या जोरावर सावकाराकडची पतही वाढली.

फेरजमाबंदीच्या अधिकाऱ्यांनी याच गोष्टी मोजल्या. तीस वर्षांपूर्वी तालुक्यात माणसे किती, बैल किती, नांगर, गाड्या, विहिरी किती आणि आता किती, याचे तक्ते त्यांच्या अहवालांत असत. भाव, बाजार आणि रेल्वेचे अंतर यांची जोड त्यांना मिळे. भरभराटीची प्रत्येक खूण अशा रीतीने साऱ्याच्या वाढीचा पुरावा ठरली. कुटुंबाने तीस वर्षांत एक गाडी घेतली, घरावर माळवद चढवले, तर ते त्याच्याच विरुद्ध कागदावर आले. या पद्धतीतला हा सर्वांत मोठा अन्याय होता. रयतेने भरवशाच्या काळात जे केले त्याची किंमत मुदत संपताच तिच्याकडून मागितली जात होती.

विहिरींचा प्रश्न यातूनच उभा राहिला. कर्ज काढून विहीर खणायची, मळा फुलवायचा, आणि मोजणीदार येऊन तो बागायतात धरणार असेल, तर शहाणा माणूस मोजणी होईपर्यंत थांबणार. सरकारलाही हे कळत होते. १८६५ च्या मुंबई कायदा १ मध्ये, मुदतीत स्वतःच्या पैशाने केलेल्या सुधारणांवर नवा आकार बसवू नये, असे कलम घालण्यात आले आणि १८७९ च्या जमीन महसूल कायद्यातही ते तत्त्व राहिले. गावात मात्र कायद्याच्या कलमापेक्षा शेजारच्या तालुक्यात काय झाले याची बातमी आधी पोहोचे.

इंदापूरची फेरजमाबंदी १८६७ मध्ये झाली आणि पुढच्या सहा-सात वर्षांत भीमथडी, हवेली, पाबळ या तालुक्यांचे दर बदलले. वाढ पन्नास टक्क्यांहून अधिक होती. एखाद्या गावात किंवा खात्यावर ती दुपटीपर्यंत गेली. काही ठिकाणी जुन्या मोजणीत कमी भरलेले क्षेत्र नव्या मोजणीत वाढले, म्हणजे दरही चढला आणि एकरही. तोपर्यंत अमेरिकेतील युद्ध संपून कापूस उतरला होता, रेल्वेची कामे आटोपली होती आणि १८७१ नंतर धान्याचे भावही घसरू लागले होते. चढत्या भावांकडे बघून ठरवलेला सारा उतरत्या भावांत भरायचा होता.

या वाढीला पहिला उघड प्रतिसाद अर्जांचा होता. १८७० साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने तालुक्यांतून माहिती गोळा केली आणि १८७३ मध्ये फेरजमाबंदीवरचा अहवाल सरकारपुढे मांडला. १८७४ मध्ये मुंबई सरकारने मर्यादा घातली: तालुक्याची वाढ ३३ टक्क्यांपेक्षा, एका गावाची ६६ टक्क्यांपेक्षा आणि एका खात्याची १०० टक्क्यांपेक्षा जास्त नको. दुष्काळी टापूतल्या कुणब्यासाठी शंभर टक्के ही मर्यादासुद्धा भयंकरच होती.

दुसरा प्रतिसाद गावाच्या आत घडला आणि तो जास्त खोल होता. साऱ्याचे हप्ते बहुतेकदा सावकाराच्या पैशातून भरले जात. पीक हाती येऊन विकले जाण्याआधीच हप्त्याची तारीख येई. सावकार रक्कम भरी आणि सुगीला धान्याने वसूल करी. सारा वाढला तसा सावकाराचा हिशोब बदलला. कुणब्याच्या हातात उरणारे कमी झाले, म्हणजे त्याची पत कमी झाली. त्यातच सारा थकला तर जमिनीआधी जंगम मालमत्ता विकावी, असा सरकारी हुकूम निघाला. जमीन लिलावात जाणार नसेल तर ती वाचवण्यासाठी आपण पैसे कशाला भरायचे, असे सावकारांनी ठरवले. १८७४–७५ च्या हंगामात अनेकांनी सारा भरायला साफ नकार दिला आणि जुन्या खतांवर कोर्टातून हुकूमनामे काढायचा सपाटा लावला.

कुणबी कुटुंबाच्या दृष्टीने हे दुहेरी संकट होते. सारा वाढणार हे त्याला कळले होते, त्याची त्याने मनाशी तयारीही केली असेल. पण ज्याच्या भरवशावर ते आजवर सारा भरत आले तो सावकारच बाजूला झाला. शिरूर तालुक्यातील करडे गावाने १८७४ च्या अखेरीस सावकारावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे या बाजाराच्या गावी दुकाने लुटली गेली आणि हिशोबाची चोपडी, खते, रोखे जाळण्यात आले. दंगे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. बहुतेक ठिकाणी माणसांना मारण्यापेक्षा कागद हस्तगत करण्यावर लोकांचा भर होता, आणि सावकाराने कागद दिले तर पुढे त्याला हात लावला जात नसे.

या दंग्यांसाठी नेमलेल्या चौकशी आयोगाने कर्जबाजारीपणाला मुख्य दोष दिला आणि साऱ्याच्या वाढीला दुय्यम ठरवले. आयोगाचा एक सदस्य ऑकलंड कॉल्व्हिन याने मात्र स्वतंत्र टिपणात महसूलपद्धतीवरच बोट ठेवले. त्याचे म्हणणे घटनांच्या क्रमाशी जास्त जुळते: कर्ज जुनेच होते, ते अचानक असह्य झाले ते साऱ्याच्या वाढीनंतर पत आटली तेव्हा. सरकारने तरीही आयोगाचाच कल धरला आणि १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट सावकारी व्यवहारांना आळा घालण्यासाठी केला. साऱ्याची तीस वर्षांची फेरी चालूच राहिली. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये दर तीस वर्षांनी मोजणी करून सारा चढवण्याच्या या रिवाजावर कडाडून हल्ला केला.

हीच फेरी पुढे सुरत जिल्ह्यातील बारडोलीला आली तेव्हा उत्तर संघटित होते. तेथे आधी सुमारे ३० टक्के वाढ सुचवली गेली, सरकारने २२ टक्के कायम केली. वाढीचा आधार म्हणून जमिनीच्या खंडाचे आकडे धरले होते. १२ फेब्रुवारी १९२८ रोजी वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली सारा न भरण्याचा निर्णय झाला. जप्तीदार येणार हे गृहीत धरून घराघरांनी तयारी केली. दारांना कुलपे लागली, भांडीकुंडी हलवली गेली, म्हशी दिवसचे दिवस घरात कोंडून ठेवल्या गेल्या आणि जप्तीची टोळी दिसताच ढोल वाजवून गाव सावध केले जाई. ऑगस्टमध्ये तडजोड होऊन ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या अधिकाऱ्यांची चौकशी बसली. खंडाचे जे आकडे वाढीचा पाया होते ते विश्वासार्ह नव्हते, असे चौकशीत ठरले आणि २२ टक्क्यांची वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आली.