कोंबडीचे बिऱ्हाड

दिवस मावळू लागला, की खेड्यातील अंगणात एक नित्याचा देखावा दिसतो. दिवसभर परड्यात, उकिरड्यावर, कुंपणाच्या कडेने उकरत हिंडलेल्या कोंबड्या एकेक करून घराकडे वळतात. त्यांना कोणी हाकून आणावे लागत नाही. दाराशी थोडी घुटमळ होते, एखादी पुढे सरते, दुसरी मागे राहते आणि अंधार पडण्यापूर्वी सगळ्या खुराड्यात जाऊन बसलेल्या असतात. घरधनीण येते आणि केवळ दार लावून घेते. हा देखावा इतका परिचयाचा आहे, की त्यामागे तीन हजारांहून अधिक वर्षांचा इतिहास उभा आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

त्या इतिहासाची आठवण होते ती हा क्रम मोडतो तेव्हा. बाजाराकडे जाणाऱ्या गाडीतून निसटलेली, घर सोडून जाणाऱ्या कुटुंबाने मागे टाकलेली किंवा अंडी देईनाशी झाली म्हणून काढून टाकलेली एखादी कोंबडी रस्त्याच्या कडेला सापडते. कोणी दयाळू गृहस्थ तिला उचलून घरी आणतो, दाणापाणी देतो आणि अंगणात मोकळी सोडतो. संध्याकाळ झाली तरी ती खुराड्याकडे फिरकत नाही; आंब्याच्या फांदीवर, नाही तर कौलांवर जाऊन बसते. सकाळी कधी ती दिसते, कधी नुसती पिसे दिसतात. गृहस्थाला वाटते, कोंबडी कृतघ्न निघाली. वास्तविक त्याने तिला अन्न दिले होते, घर दिले नव्हते. या दोहोंतील अंतर माणसाला फार पूर्वी कळले होते. मध्यंतरी त्याला त्याचा विसर पडला आणि अलीकडे ते त्याला पुन्हा शिकावे लागले.

कोंबडीचे मूळ कूळ कोणते, या प्रश्नाच्या उलगड्यात कलकत्त्याचा वाटा मोठा आहे. तेथील एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ हे हिंदुस्थानातील पशुपक्ष्यांविषयीची माहिती चार्ल्स डार्विन यांना पत्रांतून कळवीत असत. तिचा आधार घेऊन डार्विन यांनी १८६८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की जगातील यच्चयावत पाळीव कोंबड्या तांबड्या रानकोंबड्यापासून उत्पन्न झाल्या आहेत. २०२० साली शेकडो पक्ष्यांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना झाली, तेव्हा हे मत मुख्यतः खरे ठरले. नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि ब्रह्मदेश या पट्ट्यातील तांबडा रानकोंबडा हा पाळीव कोंबडीचा सर्वांत जवळचा आप्त निघाला. मात्र डार्विन यांच्या मताला एक दुरुस्तीही करावी लागली. बहुतेक कोंबड्यांची कातडी आणि पाय पिवळे असतात. हा पिवळेपणा तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नसून राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे, असे २००८ साली सिद्ध झाले. हा राखी रानकोंबडा दक्षिण व मध्य भारताचा रहिवासी. सह्याद्रीच्या झाडीत पहाटे त्याची तुटक बांग आजही ऐकू येते.

परंतु रानातला हा बुजरा पक्षी माणसाच्या दाराशी आला कसा? थायलंडमधील बान नॉन वाट या प्राचीन वसाहतीत सापडलेली कोंबड्यांची हाडे इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातील आहेत, असे २०२२ साली संशोधकांनी दाखविले. पाळीव कोंबडीचा याहून जुना निःसंशय पुरावा त्यांना आढळला नाही. त्यांचा तर्क असा, की या प्रदेशात पावसावरचे भात आणि बारीक तृणधान्ये पिकू लागली, तेव्हा खळ्यावर सांडलेल्या दाण्यांच्या आशेने बांबूच्या बेटांतील रानकोंबड्या वस्तीच्या कडेला येऊ लागल्या. हा तर्क मान्य केला, तर पहिली कोंबडी माणसाने धरून आणली नव्हती. ती आपण होऊन आली होती. आज रस्त्यावर सापडणारी निराश्रित कोंबडी दाण्याच्या मागे अंगणात शिरते, तेव्हा तिच्या पूर्वजांच्या आगमनाचीच ती पुनरावृत्ती असते.

आलेल्या पाहुण्याला माणसाने लगेच चुलीवर चढविले, असेही म्हणता येत नाही. युरोपात कोंबडी पोहोचली ती इसवी सनापूर्वी ८०० च्या सुमारास. तेथील आरंभीच्या काळातील पुष्कळ कोंबड्या अखंड पुरलेल्या सापडतात. त्यांच्या हाडांवर सुरीच्या खुणा नाहीत. रोमन सेनापती ज्यूलियस सीझर ब्रिटनवर चालून गेला, तेव्हा तेथील लोक ससा, कोंबडा आणि हंस खाणे निषिद्ध मानतात आणि हे प्राणी केवळ हौसेखातर पाळतात, अशी नोंद त्याने केली आहे. कोंबडी आधी सोबतीस आली. अंड्यांचा आणि मांसाचा हिशेब मागाहून सुरू झाला.

माणसाच्या सहवासात कोंबडीचा रंग बदलला, आकार बदलला, अंड्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढली. पण तिच्या मनाची ठेवण रानातलीच राहिली. रानकोंबडी दिवसा जमीन उकरते, धुळीत लोळून पिसे स्वच्छ करते आणि रात्री जमिनीपासून उंच फांदीवर बसते. अंधारात तिला फार अंधुक दिसते. म्हणून सूर्य मावळण्यापूर्वी सुरक्षित जागा गाठणे हा तिच्या जीवनमरणाचा प्रश्न असतो, आणि एकदा निर्धोक ठरलेली जागा ती सहजासहजी सोडीत नाही. माणसाने या स्वभावाशी झगडा केला नाही. फांदीच्या जागी त्याने दांडी दिली आणि झाडाच्या जागी खुराडे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला या रोमन ग्रंथकाराने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातील आठव्या भागात खुराड्याविषयी तपशीलवार सूचना आहेत. खुराड्याचे तोंड हिवाळ्यातील सूर्योदयाच्या दिशेस असावे, आणि ते भट्टीला किंवा स्वयंपाकघराला लागून असावे, म्हणजे धूर पक्ष्यांपर्यंत पोहोचेल व त्यांना मानवेल, असे तो सांगतो. महाराष्ट्रातील शेतकऱ्याने कोलुमेलाचे नाव ऐकले नव्हते. पण त्याच्याही घरी खुराडे बहुधा मागील पडवीत, चुलीच्या भिंतीलगतच असे. ज्याला खुराडे परवडत नसे, तो रात्री कोंबड्या डालग्याखाली झाकून ठेवी. या क्रियेसाठी मराठीत ‘डालणे’ असा स्वतंत्र शब्दच आहे. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, या म्हणीतील कोंबडे त्याच डालग्याखालचे होय. झाकणे म्हणजे कोंडणे नव्हे; मुंगूस, रानमांजर आणि घोणस यांच्यापासून रात्रभर राखणे होय. दिवस कोंबडीचा आणि रात्रीची जबाबदारी माणसाची, असा हा अलिखित करार होता.

विसाव्या शतकात हा करार मोडला. १९२० नंतरच्या दोन दशकांत अमेरिकेत कोंबड्यांना तारेच्या पिंजऱ्यांच्या उतरंडीत ठेवण्याची पद्धत निघाली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ती जगभर पसरली. तिच्या बाजूने बोलण्यासारखे नव्हते असे नाही. विष्ठा खाली पडत असल्यामुळे काही रोग आटोक्यात आले, मजुरी वाचली, अंडी स्वस्त झाली आणि सामान्य कुटुंबाच्या ताटात पोहोचली. परंतु त्या पिंजऱ्यात बसावयास दांडी नव्हती, उकरावयास माती नव्हती, अंडे घालण्यास आडोसा नव्हता आणि धड पंख पसरण्याइतकी जागाही नव्हती. अन्न आणि पाणी अखंड मिळत होते. घर तेवढे नाहीसे झाले होते. मुंबईच्या चाळीतील कोंदट खोलीला माणसे उपहासाने खुराडे म्हणतात. या पिंजऱ्यापुढे जुने खुराडे हा वाडाच म्हणावा लागेल.

१९६४ साली इंग्लंडमध्ये रूथ हॅरिसन यांनी ‘अ‍ॅनिमल मशिन्स’ या पुस्तकातून ही स्थिती लोकांपुढे मांडली. पुढच्याच वर्षी प्राध्यापक ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीने अहवाल दिला, की प्राण्याला उठता, बसता, वळता, अंग साफ करता आणि अवयव ताणता आले पाहिजेत. इतक्या साध्या गोष्टी सांगण्यासाठी एक समिती नेमावी लागली, यावरून विसर किती खोल होता ते कळते. युरोपीय संघाने १९९९ साली केलेल्या नियमानुसार १ जानेवारी २०१२ पासून जुने उघडे पिंजरे तेथे बंद झाले, आणि पिंजरा ठेवावयाचाच असेल, तर त्यात दर कोंबडीमागे ७५० चौरस सेंटिमीटर जागा, अंडी घालण्याचा आडोसा आणि १५ सेंटिमीटर दांडी असावी असे ठरले. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालीच झाला होता. अंडी देणाऱ्या व मांसासाठी वाढविलेल्या कोंबड्यांच्या निवासाचा स्वतंत्र विचार विधी आयोगाने आपल्या २०१७ च्या २६९ व्या अहवालात केला.

कायद्याबरोबर आणखी एक प्रयत्न सुरू झाला. सुमारे ७२ आठवड्यांच्या झाल्या, की अंड्यांचा हिशेब परवडत नाही म्हणून कोंबड्या कारखान्यातून काढल्या जातात. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात २००५ साली जेन हॉवर्थ यांनी एक संस्था स्थापन करून अशा कोंबड्या लोकांच्या परसात नेऊन बसविण्यास आरंभ केला. तेव्हापासून लक्षावधी कोंबड्यांना अशी घरे मिळाली. या कामात जे अनुभव आले, ते जुन्या शेतकरणीच्या ज्ञानाशी तंतोतंत जुळतात. पिंजऱ्यातून आलेल्या कोंबडीला दांडी म्हणजे काय हे ठाऊक नसते. पहिल्या संध्याकाळी ती अंगणाच्या कोपऱ्यात अंग चोरून बसते. तिला हाताने उचलून खुराड्यात ठेवावे लागते. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. दांडी आरंभी जमिनीपासून वीतभरच उंच ठेवावी लागते, कारण तिच्या पायांत बळ नसते आणि हाडे ठिसूळ झालेली असतात.

रस्त्यावरची निराश्रित कोंबडी असो वा पिंजऱ्यातली, तिला रुळविण्याची रीत एकच आहे. आल्याबरोबर तिला इतर कोंबड्यांत सोडावयाचे नाही. किमान दोन आणि शक्य तर चार आठवडे तिला वेगळे ठेवावयाचे. या नियमामागेही इतिहास आहे. १९२७ च्या सुमारास कुमाऊँमधील रानीखेत येथे कोंबड्यांच्या एका भयंकर साथीची ओळख पटली आणि ‘रानीखेत’ हेच त्या रोगाला भारतात नाव पडले. मराठी शेतकरी त्याला मानमोडी म्हणतो. १९४० नंतर मुक्तेश्वर येथे त्यावर लस तयार झाली. आलेल्या कोंबडीला ती टोचून घेणे हे पहिले कर्तव्य. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला आणि लक्षावधी कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. तेव्हापासून रानपक्ष्यांना पोहोचणार नाही अशा झाकलेल्या जागी दाणापाणी ठेवणे, आणि कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर लगेच पशुवैद्यास कळविणे, हेही त्यात आले.

दुसरी गोष्ट, पहिला आठवडाभर तिला नव्या खुराड्यातच राहू द्यावे. हा कोंडवाडा नव्हे. आपण येथे झोपलो आणि सकाळी जिवंत उठलो, हे तिला सात-आठ रात्री अनुभवू द्यावयाचे असते. नंतर संध्याकाळी दिवस मावळण्यापूर्वी तासभर तिला बाहेर सोडावे आणि मूठभर दाणे खुराड्याच्या दाराशी टाकावेत. खुराड्याला बारीक छिद्रांची मजबूत जाळी असावी, ती जमिनीत हातभर पुरलेली असावी आणि दाराला नुसते ओढण नव्हे, पक्की कडी असावी. मुंगसाला फट पुरते. आत कोरडे गवत, बाहेर राख मिसळलेली माती, थोडा शिंपल्यांचा चुरा आणि सावलीत पाणी, एवढ्याने तिचा संसार उभा राहतो.

तिसरी गोष्ट शेजाराची. नॉर्वेतील थॉर्लीफ शेल्डरुप-एबे याने लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण केले आणि १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले, की प्रत्येक कळपात कोणी कोणाला टोचावे याची ठरलेली उतरंड असते आणि प्रत्येक कोंबडी आपली पायरी ओळखून असते. नवखी आली, की ही उतरंड ढासळते आणि ती नव्याने रचली जाईपर्यंत चोचींचा मार नवखीच्या वाट्यास येतो. म्हणून काही दिवस दोघींमध्ये जाळी असावी, एकटीपेक्षा दोन नवख्या एकदम आणाव्यात आणि दाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवावीत. थोडी टोचाटोच होऊ द्यावी. रक्त दिसले, तर मात्र लगेच वेगळे करावे.

या सर्व खटाटोपाच्या शेवटी मिळते काय? थकलेली कोंबडी फार अंडी देत नाही, आणि पुष्कळदा ती फार वर्षे जगतही नाही. तरीही एक संध्याकाळ अशी येते, की दाणे टाकणारा घरी यावयास उशीर झालेला असतो, अंगणात कोणी नसते, दाराशी दाणा पडलेला नसतो; आणि ती कोंबडी पेरूच्या झाडाखालून निघते, खुराड्याच्या दाराशी क्षणभर थांबते, मान वाकडी करून आत पाहते आणि दांडीवर जाऊन बसते. भाताच्या खळ्याशी आलेल्या तिच्या पहिल्या पूर्वजांनी माणसावर जो विश्वास टाकला, तोच तिने पुन्हा टाकलेला असतो. उशिरा आलेल्या त्या माणसाने अंधारात चाचपडत जाऊन कडी तेवढी लावावयाची असते.