पिवळ्या रेषेचा माग

विजयदुर्गचा किल्ला पाहावयास गेलेल्या मनुष्याला तेथील कांहीं चौथरे आवर्जून दाखविले जातात. 'साहेबाचे कट्टे' या नांवानें ते ओळखले जातात. आणि याच ठिकाणाहून एका इंग्रज ज्योतिर्विदानें १८६८ सालीं सूर्याचा वेध घेऊन हेलियम हें मूलद्रव्य शोधून काढलें, अशी आख्यायिका त्यांच्याशीं जोडलेली आहे. आख्यायिका मनोहर आहे. परंतु ती खरी नाहीं. ज्या नॉर्मन लॉकयर यांचें नांव तींत घेतलें जातें, ते १८६८ सालीं हिंदुस्थानांत नव्हतेच. ते विजयदुर्गास आले ते तीस वर्षांनंतर, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठीं. दोन ग्रहणांची लोकांच्या स्मरणांत गुंतागुंत झाली, आणि तिच्यांतून ही कथा उपजली. ही गुंतागुंत सोडविणें अगत्याचें आहे. कारण खरा इतिहास आख्यायिकेहून कितीतरी मोठा आहे. एका माणसाची एका दिवसाची करामत त्यांत नाहीं. सूर्य, भूगर्भांतील खनिजें, पराकाष्ठेची थंडी आणि विश्वाचा आरंभ या चार गोष्टी एका सूत्रांत ओवणारें, शंभराहून अधिक वर्षें चाललेलें संशोधन त्यांत आहे.

सूर्य कशाचा बनलेला आहे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत केवळ कल्पनेचा विषय होता. ज्या गोलाजवळ जाणें अशक्य, त्याचें पृथक्करण करावयाचें तरी कसें? १८६० च्या सुमारास हायडेलबर्ग येथील किर्खोफ आणि बुन्सेन या दोघां जर्मन पंडितांनीं या प्रश्नाचें उत्तर दिलें. तापून प्रकाशूं लागलेल्या वायूचा प्रकाश लोलकांतून पाहिला असतां त्यांत ठराविक जागीं ठराविक रंगाच्या रेषा दिसतात. ज्योतींत मीठ टाकलें कीं त्यांतील सोडियमच्या पिवळ्या रेषांची एक जोडी उमटते. माणसाची ओळख हस्ताक्षरावरून पटावी, तशी मूलद्रव्याची ओळख या रेषांवरून पटते. आणि हस्ताक्षर ओळखण्यास लिहिणाऱ्याच्या दारीं जावें लागत नाहीं.

ही नवी विद्या हातीं आल्यावर पहिलें मोठें ग्रहण आलें तें १८ ऑगस्ट १८६८ चें. त्याची छाया हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण असा पट्टा आक्रमून गेली, आणि या पट्ट्यांत निरनिराळ्या ठिकाणीं ज्योतिर्विदांच्या तुकड्या येऊन बसल्या. गुंटूर येथें पिअर जान्सेन हे फ्रेंच शास्त्रज्ञ होते. सूर्यबिंब झाकलें जातांच त्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटांत त्यांना इतक्या तेजस्वी रेषा दिसल्या, कीं या रेषा पाहण्यास ग्रहणाची गरजच नाहीं असें त्यांच्या मनानें घेतलें. दुसऱ्या दिवशीं लख्ख सूर्यप्रकाशांत त्यांनीं त्या पुन्हां पाहिल्या. इकडे इंग्लंडमध्यें लॉकयर यांनींही २० ऑक्टोबर रोजीं, ग्रहणावांचून आणि जान्सेन यांच्या शोधाची वार्ता नसतांना, तीच गोष्ट साधली. दोघांचीं पत्रें पॅरिसच्या विज्ञान परिषदेपुढें एकाच दिवशीं वाचलीं गेलीं. कोण पहिला, या वादांत न पडतां फ्रेंच सरकारनें दोघांच्याही मुद्रा असलेलें एक पदक पाडलें.

त्या रेषांत एक पिवळी रेषा होती. बहुतेकांनीं ती सोडियमची म्हणून सोडून दिली. लॉकयर यांनीं जागा मोजून पाहिली, तेव्हां ती सोडियमच्या जोडीच्या जवळ असली तरी तिच्याशीं जुळत नाहीं असें त्यांस आढळलें. एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाच्या साहाय्यानें त्यांनीं ती प्रयोगशाळेंत उत्पन्न करण्याचा यत्न केला. पण कोणताही परिचित वायु ती रेषा देईना. तेव्हां सूर्यावर पृथ्वीला अज्ञात असें कांहीं द्रव्य असलें पाहिजे, हा एकच पक्ष उरला. सूर्याच्या 'हेलिऑस' या ग्रीक नांवावरून त्यास हेलियम म्हणूं लागले. पण एका रेषेच्या बळावर नवें मूलद्रव्य मान्य करण्यास रसायनशास्त्रज्ञ तयार नव्हते; आणि त्यांचा हा संशय अगदींच अनाठायीं होता असें म्हणतां येणार नाहीं. ज्याचा एक बुडबुडाही कोणीं पाहिला नाहीं, त्याला द्रव्य म्हणावयाचें कसें?

ही शंका फिटावयास सत्तावीस वर्षें लागलीं. १८९५ च्या मार्च महिन्यांत लंडनमध्यें विल्यम रॅम्से यांनीं क्लेव्हाइट नांवाच्या युरेनियमयुक्त खनिजावर आम्ल घालून निघणारा वायु गोळा केला. त्यांचा शोध चालला होता आर्गॉनचा. वर्णपटांत दिसली मात्र एक अनोळखी पिवळी रेषा; आणि विल्यम क्रुक्स यांनीं मोजून पाहिल्यावर ती सूर्यांतलीच असल्याचें सिद्ध झालें. अमेरिकेंतील हिलेब्रँड या रसायनशास्त्रज्ञाला असाच वायु कांहीं वर्षें आधीं मिळाला होता; तो त्यांनीं नायट्रोजन समजून बाजूला ठेवला होता. पुढें रदरफर्ड यांनीं हा वायु खनिजांत येतो कोठून तें दाखविलें. युरेनियम आणि थोरियम यांचे अणु झिजतांना जे कण बाहेर फेंकतात, ते हेलियमचेच गर्भ होत.

म्हणून १८९८ सालीं लॉकयर विजयदुर्गास उतरले तेव्हां हेलियमचा शोध लागून तो बाटलींत भरलाही गेला होता. ते आले होते ग्रहणाच्या वेळीं सूर्याच्या प्रभामंडलाचे वेध घेण्यासाठीं. त्याच ग्रहणाचे वेध पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं जेऊर येथून घेतले. महाराष्ट्राच्या भूमीवर एका हिंदी ज्योतिर्विदानें केलेलें हें कार्य खरें असून तें विस्मरणांत जावें, आणि न घडलेली गोष्ट मात्र तोंडोतोंडीं राहावी, हा इतिहासाचा एक चमत्कारिक न्याय आहे.

येथवर हेलियमची कथा प्रकाशाची होती. येथून पुढें ती थंडीची होते. वायु पुरेसा थंड केला तर त्याचें पाणी होतें, हें फॅरडे यांच्या काळापासून ठाऊक होतें. ऑक्सिजन शून्याखालीं १८३ अंशांवर द्रवरूप झाला. १८९८ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें जेम्स ड्यूअर यांनीं हायड्रोजनलाही शून्याखालीं सुमारें २५३ अंशांवर नमविलें. शून्याखालीं २७३ अंश हा थंडीचा अखेरचा तळ; त्याच्या खालीं जातां येत नाहीं. या तळाशीं पोहोंचण्याच्या मार्गावर एकच वायु अजिंक्य उरला होता, आणि तो म्हणजे हेलियम.

तो जिंकला हॉलंडमधील लायडनच्या हाइके कामरलिंग ओनेस यांनीं. १८८२ सालीं प्राध्यापकपद स्वीकारतांना त्यांनीं 'मापनांतून ज्ञान' हें ब्रीद जाहीर केलें होतें, आणि पुढील पंचवीस वर्षें प्रयोगशाळेची उभारणी करण्यांत घालविलीं. एकट्यादुकट्यानें कांचेच्या नळ्या जोडून ही लढाई जिंकतां येणार नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. म्हणून त्यांनीं यंत्रकार व कांचकाम करणारे कारागीर शिकविण्यासाठीं शाळा काढली. पण यंत्रें असून वायु कोठें होता? येथें व्यापार विज्ञानाच्या मदतीस धांवला. ओनेस यांचे बंधु ॲमस्टरडॅम येथील सरकारी व्यापारमाहिती कचेरीचे प्रमुख होते. त्यांच्या खटपटीनें अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना प्रांतांतून मोनाझाइट नांवाची वाळू मोठ्या प्रमाणांत मिळाली. या वाळूंत थोरियम असतें. ती तापवून, निघणारा वायु पुनःपुन्हां शुद्ध करून शेवटीं कांहींशे लिटर हेलियम जमला.

१० जुलै १९०८ रोजीं पहाटेपासून प्रयोगास आरंभ झाला. आदल्या दिवशीं ७५ लिटर द्रवरूप हवा तयार करून ठेवली होती. तिच्या थंडीनें २० लिटर द्रवरूप हायड्रोजन बनविला. आणि त्या हायड्रोजननें थंड केलेला हेलियम दाबाखालून बारीक छिद्रावाटे सोडीत राहिले. असा सुटतांना तो अधिक थंड होत जातो. संध्याकाळ झाली, हायड्रोजनचा शेवटचा सांठा लावला, उष्णतामापकाचा कांटा एका जागीं थबकला. तरी भांड्यांत कांहीं दिसेना. पाहावयास आलेल्या एका सहकारी प्राध्यापकानें सुचविलें, कीं मापक कदाचित् द्रवांतच बुडालेला असेल. भांड्यावर खालून प्रकाश टाकून पाहावा. तसें करतांच द्रवाचा स्वच्छ पृष्ठभाग सुरीच्या धारेसारखा उठून दिसला. अवघा ६० घन सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम एक पेलाभर द्रव! त्याचें तपमान शून्याखालीं २६९ अंश होतें.

या पेल्यानें एका जुन्या वादाचा निकाल लागला. धातु थंड करीत गेलें असतां त्यांतून वीज अधिक सुलभतेनें वाहते. पण अगदीं तळाशीं काय होईल? प्रतिरोध हळूहळू नाहींसा होईल, असें कांहींचें मत होतें. लॉर्ड केल्व्हिन यांना वाटत होतें, कीं वीज वाहून नेणारे कणच गोठतील आणि प्रवाह साफ बंद पडेल. ओनेस यांनीं पारा निवडला, कारण ऊर्ध्वपातनानें तो अत्यंत शुद्ध करतां येतो. ८ एप्रिल १९११ रोजीं त्यांच्या टिपणवहींत पाऱ्याचा प्रतिरोध जवळजवळ शून्य झाल्याची नोंद झाली. पुढील मापनांत दिसून आलें तें याहून विलक्षण होतें. प्रतिरोध हळूहळू न घटतां, निरपेक्ष शून्याच्या वर सुमारें ४.२ अंशांवर कडा कोसळावा तसा एकदम नाहींसा होत होता. असें कांहीं घडेल, हें दोहोंपैकीं कोणत्याही पक्षाच्या ध्यानींमनीं नव्हतें. यालाच आज अतिसंवाहकता म्हणतात. १९१४ सालीं त्यांनीं शिशाच्या वेटोळ्यांत एकदां प्रवाह सुरू करून वीजपुरवठा काढून घेतला. तरी प्रवाह तासन् तास तसाच वाहत राहिला.

ओनेस यांना १९१३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें; परंतु असें कां घडतें याचें उत्तर त्यांच्या हयातींत मिळालें नाहीं. तें १९५७ सालीं बार्डीन, कूपर आणि श्रीफर या अमेरिकन त्रयीनें दिलें: थंड धातूंत इलेक्ट्रॉन जोडीजोडीनें, एका तालांत चालूं लागतात, आणि या सामुदायिक चालीला धातूंतील अडथळे बाधत नाहींत. १९८६ सालीं झूरिकजवळ बेडनॉर्झ आणि म्यूलर यांना एका मातीच्या भांड्यासारख्या ठिसूळ पदार्थांत ही शक्ति बऱ्याच अधिक उष्णतामानावर आढळली. तथापि रुग्णालयांत शरीराचें अंतरंग दाखविणाऱ्या चुंबकीय यंत्रांपैकीं बहुतेकांतील वेटोळीं अद्यापि द्रवरूप हेलियमच्याच बळावर चालतात.

ज्या मूलद्रव्याची पहिली खूण सूर्यावर दिसली, तें सूर्यावर तरी आलें कोठून? विश्वांतील सामान्य द्रव्याचा वजनानें जवळजवळ चौथा हिस्सा हेलियम आहे. ताऱ्यांच्या भट्ट्यांत हेलियम तयार होतो खरा. पण एवढा सांठा त्यांच्या हातून होणें शक्य नाहीं. १९४८ सालीं जॉर्ज गॅमॉव आणि राल्फ आल्फर यांनीं आरंभींच्या अतितप्त विश्वांत मूलद्रव्यें घडलीं अशी उपपत्ति मांडली. सर्व मूलद्रव्यांना ती लागू पडली नाहीं. हेलियमला मात्र ती लागू पडते, आणि त्याचा बहुतेक भाग विश्वाच्या पहिल्या कांहीं मिनिटांतच घडला असें आज मानलें जातें. त्या उष्णतेचा निवलेला अवशेष आजही आकाशांत भरून असावा, असें भाकित आल्फर आणि हर्मन यांनीं त्याच वर्षीं केलें.

१९६४ सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सी येथें पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांकडून येणारी एक क्षीण घरघर रेडिओच्या शिंगांत ऐकूं आली. ती खरी कीं यंत्राचा दोष? हें ठरविण्यास ज्याचें अतिशीत तपमान नक्की ठाऊक आहे असें एक प्रमाण हवें होतें. आणि तें प्रमाण त्यांनीं द्रवरूप हेलियमनेंच सिद्ध केलें होतें. त्याच्याशीं ताडून पाहिल्यावर आकाशाची ऊब निरपेक्ष शून्याच्या वर सुमारें साडेतीन अंश भरली. १९८९ सालीं सोडलेल्या उपग्रहानेंही हेलियमच्या थंडींत आपलीं यंत्रें ठेवूनच ती ऊब अचूक मोजली, आणि ती २.७ अंशांच्या आसपास असल्याचें निश्चित केलें. विश्वाच्या जन्मकाळीं उपजलेल्या मूलद्रव्यानें त्या जन्माची साक्ष मोजण्याचें माप पुरवावें, हा योग खरोखर अपूर्व होय.

या साक्षीदाराचा पृथ्वीवरील सांठा मात्र अखूट नाहीं. १९०३ सालीं कॅन्सस प्रांतांत एका विहिरींतून निघालेला वायु पेटतां पेटेना. दोन वर्षांनीं त्याचें पृथक्करण केलें तेव्हां त्यांत शेंकडा दोनहून थोडा कमी हेलियम सांपडला. तेव्हांपासून तो खनिज वायूच्या विहिरींतून काढला जाऊं लागला, आणि लवकरच राजकारणाचा विषय झाला. अमेरिकेनें १९२५ नंतर त्याच्या निर्यातीवर निर्बंध घातले. हेलियमसाठीं आखलेलें 'हिंडेनबर्ग' हें जर्मन विमान हायड्रोजनवर उडत राहिलें, आणि १९३७ सालीं जळून खाक झालें. पृथ्वीच्या पोटांतील हेलियम आदिविश्वांतला नव्हे. तो थोरियम आणि युरेनियम यांच्या झिजेंतून कोट्यवधि वर्षांत थेंबाथेंबानें सांठलेला आहे. इतका हलका वायु एकदां हवेंत मिसळला कीं हळूहळू अंतराळांत निघून जातो. मग तो परत आणतां येत नाहीं. म्हणूनच जाणत्या प्रयोगशाळांत उकळून उडूं पाहणारा हेलियम वाया जाऊं देत नाहींत. त्याची वाफ नळ्यांनीं गोळा करून, पुन्हां दाबून, पुन्हां थंड करून तोच द्रव दुसऱ्या दिवशींच्या प्रयोगाला वापरतात.