भुकेचा पत्ता : लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेची पहिली चाळीस वर्षे

लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया म्हटली की बहुतेकांना चरबी काढणे आठवते. या इतिहासातले शल्यविशारद चरबीला हातही लावत नाहीत. ते अन्नाची वाट बदलतात. मी डॉक्टर नाही, पण जुने वैद्यकीय निबंध वाचण्याचा नाद आहे, आणि या विषयाकडे मला आत्याने नेले. दिवाळीत तिच्या ताटातल्या करंज्या घरातले सगळे मोजत असत.

सुरुवात कुत्र्यांपासून झाली. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी १९५४ साली लहान आतड्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आतड्याचा शेवटचा अर्धा भाग वगळला की स्निग्ध पदार्थ नीट शोषले जात नाहीत आणि वजन उतरते, असे त्यांना दिसले. हाच धागा पकडून लॉस एंजेलिसच्या पेन आणि डीविंड यांनी लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग थेट मोठ्या आतड्याला जोडला. १९६३ मध्ये त्यांनी दहा रुग्णांचा अनुभव मांडला. वजन उतरले, पण जुलाब थांबेनात आणि शरीरातले क्षार ढासळले. शेवटी जोड उलगडावा लागला, तेव्हा वजनही परत आले. हे अपयश त्यांनी लपवले नाही, एवढे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

१९६९ च्या सुधारित पद्धतीत त्यांनी वरच्या बाजूचे १४ इंच आतडे शेवटच्या ४ इंचांना जोडले. सुमारे वीस फुटांपैकी दीड फूट वापरात उरले. सत्तरच्या दशकात हजारो लोकांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली. पुढे मुतखडे होऊ लागले. कारण गुंतागुंतीचे आहे. एरवी अन्नातले कॅल्शियम ऑक्झलेटला धरून ठेवते आणि दोन्ही मलावाटे बाहेर पडतात. इथे न पचलेली चरबीच कॅल्शियमला पकडून बसे, मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात शिरे आणि मूत्रपिंडात साचे. काहींचे सांधे सुजले, काहींचे यकृत निकामी होऊन ते दगावले. वजनकाट्यावर मात्र हे रुग्ण ‘यशस्वी’ होते! १९८० च्या आसपास ही पद्धत मागे पडली.

आयोवा विद्यापीठाचे एडवर्ड मेसन वेगळ्या वाटेने आले. व्रणासाठी जठराचा भाग काढलेले रुग्ण, विशेषतः स्त्रिया, पुन्हा वजन धरत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. १९६६ मध्ये त्यांनी चिकाशी इटो यांच्यासह जठराचा वरचा लहान कप्पा वेगळा करून तो आतड्याला जोडला. ही गॅस्ट्रिक बायपास. स्पष्टीकरण सरळ होते : पिशवी लहान, म्हणून जेवण कमी.

ते अपुरे निघाले. नॉर्थ कॅरोलिनाच्या वॉल्टर पोरीज यांनी १९९५ मध्ये चौदा वर्षांचा अनुभव छापला. निबंधाच्या शीर्षकातच ‘कुणाला वाटले असते?’ असा सवाल आहे. मधुमेहाच्या १४६ रुग्णांपैकी १२१ जणांची साखर पूर्वपदावर आली होती, आणि ती वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत खाली येत होती. नुसत्या लहान पिशवीने हे कसे व्हावे? १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी जठरात तयार होणारे, भूक चेतवणारे घ्रेलिन शोधले. २००२ मध्ये सिएटलच्या कमिंग्ज यांना बायपास झालेल्यांच्या रक्तात ते फारच कमी आढळले. साध्या पथ्याने वजन घटवलेल्यांत मात्र ते उलट वाढलेले होते. घ्रेलिन हे एकटेच उत्तर नव्हे, आतड्यातली इतर संप्रेरकेही यात आहेत. पण पथ्य मोडणाऱ्याला ‘तोंडावर ताबा नाही’ म्हणणाऱ्यांनी हा निबंध वाचायला हवा होता. आमच्या घरातल्यांनीही.

मेसन यांनी पुढे स्वतःचीच बायपास बाजूला ठेवून १९८० मध्ये पट्टी बसवून जठर अरुंद करण्याची सोपी पद्धत काढली. जगाने मात्र बायपास सोडली नाही. ही शस्त्रक्रिया झालेल्यांना जीवनसत्त्वे आणि लोह जन्मभर घ्यावे लागते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांचे पुढे काय होते, हे कळावे म्हणून मेसन यांनी ऐंशीच्या दशकात रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. २०२० मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी ते वारले.