कुस्ती-कराटेच्या गप्पांमधली शिवीगाळ: फिल्टर नक्की काय पकडतो?

कुस्ती, कराटे आणि एमएमएवर गप्पा मारणाऱ्या एका टेलिग्राम ग्रुपचा मी अ‍ॅडमिन आहे. जानेवारी २०२३ पर्यंत हे काम म्हणजे नुसती मजा होती. मग पुण्यात महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांची लढत झाली, बाहेरच्या टांगेला पंचांनी चार गुण दिले आणि अख्ख्या महाराष्ट्राच्या मोबाईलवर भांडण पेटलं. डाव पूर्ण बसला होता की नाही, हा मूळ प्रश्न. आमच्याकडे अर्ध्या तासात तो पंचांच्या आईवर आणि पैलवानांच्या धर्मा-जातीवर पोहोचला. त्या रात्री मी हाताने मेसेज डिलीट करत बसलो होतो. सकाळी ठरवलं, आता फिल्टर लावायचा.

एका मित्राने पायथनमध्ये छोटा बॉट लिहून दिला. टेलिग्रामवर बॉटला अ‍ॅडमिन केलं की त्याला ग्रुपमधले मेसेज वाचता येतात आणि उडवताही येतात. शब्दांची यादी द्यायची, त्यातला शब्द दिसला की मेसेज गायब. मी उत्साहाच्या भरात यादीत शिव्यांबरोबर ‘मार’ हाही शब्द टाकला, कारण ‘त्याला धरून मार’ असल्या धमक्या येत होत्या. परिणाम काय, तर ‘घिस्सा मार’ गेलं, ‘लो किक मार’ गेलं, आणि सगळ्यात भारी म्हणजे ‘कुमार केसरी’चा निकालही गेला!

मित्र म्हणाला, पूर्ण शब्द जुळला तरच उडवायचं असं सेटिंग करू. केलं. तरीही ‘कुमार’ उडतच राहिला. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. शब्द कुठे सुरू होतो नि कुठे संपतो हे ठरवताना पायथनची नेहमीची शोधपद्धत मात्रा आणि वेलांट्यांना अक्षर मानत नाही. त्यामुळे ‘कु’मधल्या उकारापाशी तिला वाटतं की शब्द तुटला, आणि पुढचा ‘मार’ तिला सुटा शब्द दिसतो. इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनवलेली हत्यारं मराठीत अशी घसरतात. आम्ही शेवटी मोकळी जागा आणि विरामचिन्हं बघून शब्द तोडायला लावले, तेव्हा कुमार सुटला.

हा घोळ फक्त आपलाच नाही. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कंथॉर्प गावाच्या लोकांना एओएलवर खातंच उघडता येईना, कारण गावाच्या नावात एक शिवी दडलेली होती. तेव्हापासून या प्रकाराला स्कंथॉर्पची अडचण असंच म्हणतात.

दुसरी गंमत लिपीची. ‘गाढव’ हा शब्द अडवला तर लोक ‘gadhav’, ‘gadhv’, ‘g@dhav’ असं रोमन लिपीत लिहितात, किंवा अक्षरांमध्ये टिंब घालतात. प्रत्येक रूप यादीत घालत बसलात तर आयुष्य जाईल. त्यापेक्षा शब्द न बघता वाक्य बघणारी मॉडेल बरी. मराठीत यावर काम झालेलं आहे. पुण्याच्या एल३क्यूबने २०२२ मध्ये महाहेट नावाचा संच प्रसिद्ध केला: पंचवीस हजारांहून जास्त मराठी ट्विट्स, आणि प्रत्येकावर द्वेषपूर्ण, अपमानकारक, अश्लील की यांतलं काहीच नाही, असा शिक्का.

पण लढाईच्या खेळात मॉडेलही गोंधळतं. आमची रोजची भाषा बघा: गळा आवळला, हात तोडला, झोपवला, संपवला. बाहेरच्याला वाटेल खुनाचा कट शिजतोय. बुद्धिबळासारख्या शांत खेळाचीही यातून सुटका झाली नाही. जून २०२० मध्ये ‘अ‍ॅगडमेटर’ हे बुद्धिबळाचं यूट्यूब चॅनल एक दिवस बंद पडलं. काळा, पांढरा, हल्ला, धोका हे शब्द वंशद्वेषी वाटले असावेत, असा अंदाज कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी बांधला. त्यांनी बुद्धिबळाच्या पाच चॅनलवरच्या ६ लाख ८० हजारांहून जास्त कमेंट्स मॉडेलमधून काढल्या. मॉडेलने द्वेषपूर्ण ठरवलेल्यांपैकी हजार कमेंट्स माणसांनी तपासल्या, तर ८२ टक्क्यांत तसं काही नव्हतं.

आता उलटी बाजू, जी मला जास्त टोचली. आमच्या ग्रुपवर सोळा वर्षांची एक मुलगी होती, तालमीत जाणारी. तिने स्वतःच्या जिंकलेल्या कुस्तीचा व्हिडिओ टाकला. खाली एकाने लिहिलं, ‘नुरा कुस्ती वाटतेय.’ दुसऱ्याने, ‘समोरची मुलगी घरचीच होती काय ताई?’ एकही शिवी नाही. बॉटने सगळं जाऊ दिलं. तिच्या वस्तादांनी चिडून उत्तर दिलं, त्यात एक कडक शब्द होता; बॉटने नेमका तोच मेसेज उडवला. मुलगी त्याच रात्री ग्रुप सोडून गेली. पैलवानाला कुस्ती ठरवून केली म्हणणं किंवा कराटेवाल्याला तुझा ब्लॅक बेल्ट विकतचा म्हणणं हा आमच्यात शिवीपेक्षा मोठा अपमान आहे, आणि तो कुठल्याही यादीत बसत नाही.

म्हणून आता नियम वेगळा आहे: डावाला कितीही नावं ठेवा, माणसाला नाही. ‘हा पट उशिरा काढला’ चालेल, ‘तुला पट काढता येतो का’ नाही. कुस्ती नुरा होती म्हणायचं असेल तर व्हिडिओतली वेळ देऊन सांगायचं. अशा बाबतीत निर्णय आम्ही दोन अ‍ॅडमिन मिळून घेतो. बॉट फक्त ठळक शिव्या उडवतो. शंकास्पद मेसेज तो आम्हाला दाखवतो. मोठ्या लढतीच्या रात्री स्लो मोड लावतो, म्हणजे एकाला पाच मिनिटांत एकच मेसेज. खरं सांगतो, याचा उपयोग बॉटपेक्षा जास्त झाला. पाच मिनिटांत रागाची वाफ बरीच जाते.

तुमचं यूट्यूब चॅनल असेल तर स्टुडिओच्या सेटिंग्जमध्ये अडवलेल्या शब्दांची यादी देता येते. तसल्या कमेंट्स तपासणीसाठी बाजूला राहतात, साठ दिवसांपर्यंत. मराठी आणि रोमन, दोन्ही रूपं घाला. इन्स्टाग्रामवर ‘हिडन वर्ड्स’ आहे. शिवाय ‘रिस्ट्रिक्ट’ केलेल्या माणसाची कमेंट फक्त त्यालाच दिसते, आणि त्याला ते कळत नाही, त्यामुळे नवं भांडण होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र शब्दांचा फिल्टर नाही. मेसेज एन्क्रिप्टेड असतात, कंपनीला ते वाचता येत नाहीत. तुम्ही रिपोर्ट केलं तरच शेवटचे पाच मेसेज तिच्याकडे जातात. अ‍ॅडमिन कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो, पण आधी स्क्रीनशॉट घ्या, विशेषतः जातिवाचक शिवी किंवा धमकी असेल तर; तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा.

अ‍ॅडमिन व्हायला बरेच जण घाबरतात, दुसऱ्याने टाकलेल्या घाणीबद्दल आपल्यावर केस होईल म्हणून. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात सांगितलं की दोघांचा समान हेतू नसेल तर सदस्याच्या मेसेजसाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. त्या मुलीला मी नंतर वैयक्तिक मेसेज करून माफी मागितली. तिने ‘ठीक आहे दादा’ एवढंच लिहिलं. ग्रुपची लिंक पाठवली आहे, अजून आलेली नाही.