चिखलाचं की पाण्याचं?

श्रीवर्धन या नावात एक कमळ दडलेलं आहे. श्री म्हणजे लक्ष्मी, आणि लक्ष्मीची पद्मा, कमला ही नावं तिच्या आसनावरून आणि हातातल्या फुलावरून पडली आहेत. गावात लक्ष्मीनारायणाचं जुनं देऊळ आहे. देशमुखी भटांची, म्हणजे पेशव्यांच्या घराण्याची. त्यामुळे नाव ऐकताच डोळ्यांपुढे वैभव येतं ते पेशवाईचं. पण शब्द पेशव्यांहून फार जुने आहेत. ‘वर्धन’चा प्रवास तर सरळ आहे: संस्कृत वर्ध्, पाली-प्राकृत वड्ढ, मराठी वाढ. पालीत हे गाव ‘सिरिवड्ढन’ झालं असतं. जातककथांतल्या शहाण्या महोसधाच्या श्रेष्ठी बापाचं नाव जवळपास हेच, सिरिवड्ढ. जुन्या युरोपीय प्रवाशांनी मात्र गावाचं ‘झिफरदान’ करून टाकलं. त्यात श्रीही उरली नाही आणि वाढही नाही.

श्री आणि कमळ म्हटलं की आपण लगेच वैकुंठात जातो. जुन्नरच्या मानमोडी डोंगरावरच्या बौद्ध लेण्यात जाऊन बघावं. तिथल्या चैत्याच्या दर्शनी कमानीत दगडी कमळाच्या पाकळ्या उमललेल्या आहेत आणि मधोमध उभी आहे ती श्री, दोन्ही अंगांना हत्ती. खालच्या लेखात हे दान चंद नावाच्या एका यवनाचं असल्याचं म्हटलं आहे. लेणं बौद्धांचं, देवी श्री, दाता यवन. लक्ष्मी आधी कुणाची होती या भांडणात मला रस नाही. भारहूतच्या स्तूपाच्या कठड्यावरही ‘सिरिमा देवता’ नाव कोरून उभी आहेच. बौद्ध शिल्पांत बुद्धाची मूर्ती येण्याआधी कमळ आलं, आणि ते या सिरीच्या सोबतीनं आलं, एवढं मला पुरतं.

श्रीवर्धनकरांना अशी जुनी बौद्ध लेणी बघायला जुन्नरपर्यंत जायचीही गरज नाही. म्हसळ्याच्या पलीकडे, राजपुरीच्या खाडीच्या आतल्या टोकाला मांदाड, आणि त्याच्याजवळ कुड्याची लेणी. एकूण सव्वीस. ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथातलं मंदगोरा बंदर अनेक अभ्यासक इथेच ठेवतात. कुड्याचे ब्राह्मी लेख वाचताना गंमत वाटते ती दात्यांच्या धंद्यांची. महाभोजांच्या राजघराण्यातले लोक आहेत, तसाच एक वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, लेखनिक आहे, एक ब्राह्मण बाई आहे. आणि एक आहे ‘मालाकार’, म्हणजे आपला माळी. फुलं ओवून पोट भरणाऱ्यानं खडकातली अख्खी ओवरी दिली. त्या काळी तिथे बुद्धमूर्ती नव्हती. कमळावर बसलेले बुद्ध सहाव्या लेण्यात कोरले गेले ते नंतर, काही शतकं उलटल्यावर.

आता या फुलाच्या नावांकडे वळू. मराठीत आपण सगळ्याला ‘कमळ’ म्हणून मोकळे होतो. इतके मोकळे, की कृष्णकमळ हा मांडवावर चढणारा वेल आहे आणि घरोघरी कुंडीत मध्यरात्री फुलणारं, शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं जाणारं ‘ब्रह्मकमळ’ हे चक्क निवडुंगाच्या जातीचं आहे. दोघांचाही तळ्याशी संबंध नाही. पाली ग्रंथांत असली ढिलाई नाही. तिथे पदुम वेगळं, उप्पल वेगळं, कुमुद वेगळं, पुंडरीक वेगळं. पदुम म्हणजे तांबूस, पाण्याच्या वर उंच दांड्यावर उभं राहणारं. पुंडरीक म्हणजे तेच, पण पांढरं. उप्पल म्हणजे संस्कृत उत्पल, आणि त्यातलं निळं ते नीलुप्पल. वनस्पतिशास्त्र सांगतं की खऱ्या कमळात निळा रंग नसतोच. आपल्याकडे तांबडं आणि पांढरं हे दोनच. निळं असतं ते पाण्यावर पसरट पानं टाकणारं दुसऱ्या कुळातलं फूल. म्हणजे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला तो जगप्रसिद्ध पद्मपाणी हातात नीलकमळ घेऊन उभा आहे असं आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या हातात पद्म नसतंच, उत्पल असतं. नाव बदला असा माझा आग्रह नाही. ‘उत्पलपाणी’ ऐकायलाही जड वाटतं.

उप्पल हा शब्द मात्र मराठीतून पुरता गेला नाही. जुन्या वनस्पती-सूचींत या निळ्या फुलाचं मराठी नाव ‘उपल्या कमळ’ असं सापडतं. बुद्धाच्या भिक्खुणी संघातली ऋद्धीत अग्रगण्य मानलेली थेरी उप्पलवण्णा, म्हणजे निळ्या कमळाच्या वर्णाची. अट्ठकथेनं, म्हणजे पाली भाष्यानं, तिचं नाव निळ्या उत्पलाच्या गाभ्यासारख्या कांतीवरून दिलेलं सांगितलं आहे. सावळेपणाला इतकं देखणं नाव दिल्यावर गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती ऐकवत नाहीत.

हीच नावं आकडेही झाली. आपण ‘अब्जाधीश’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे तिजोरी येते, पण अब्ज म्हणजे ‘अप्’पासून, पाण्यापासून जन्मलेलं ते, अर्थात कमळ. शब्दावर जायचं तर अब्जाधीश हा कमळांचा धनी. भास्कराचार्यांच्या लीलावतीत संख्यांच्या उतरंडीत अब्ज येतं, मग खर्व, निखर्व आणि त्यापुढे महापद्म, म्हणजे अब्जाच्या हजारपट. पालीत हा खेळ जास्त भयंकर आहे. सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांची निंदा करणारा कोकालिक नावाचा भिक्खू मेल्यावर ‘पदुम’ नावाच्या नरकात गेला. कुमुद, सोगंधिक, उप्पल, पुंडरीक आणि शेवटी पदुम अशी नरकांची नावं तिथे ओळीनं येतात, प्रत्येकाची मुदत आधीच्याच्या वीसपट. नरकाला सुगंधी फुलाचं नाव का? पालीत ती मुळात कालावधीची मापं दिसतात. उत्तरेकडच्या बौद्ध परंपरेनं मात्र दुसरा खुलासा केला: हे थंड नरक आहेत, तिथे गारठ्यानं कातडी कमळाच्या पाकळ्यांसारखी फुटते. वसुबंधूच्या अभिधर्मकोशात हा पक्ष आहे. कमळ म्हणजे नेहमी पावित्र्यच असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा नरक एकदा वाचावा.

पुंडरीकाची मराठीतली गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. सद्धर्मपुंडरीक हे महायानातल्या मोठ्या सूत्राचं नाव. सद्धर्माचं पांढरं कमळ. तोच पुंडरीक मराठीत ‘पुंडलिक’ झाला, असं म्हणायला भाषाशास्त्राची हरकत नाही. र चा ल होणं ही आपल्याकडे नेहमीची चाल आहे. तेराव्या शतकातल्या लेखांत पंढरपूरला पौंडरीकक्षेत्र म्हटलेलं आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्ती बसवताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच धागा पकडला. पुंडरीक म्हणजे कमळ, त्यावरून पांडुरंग, म्हणून पंढरपूरची मूर्ती मुळात बुद्धाची, असं त्यांचं प्रतिपादन होतं आणि त्यावर प्रबंध लिहिण्याचा त्यांचा मनोदय होता. यातला पुंडरीक-पुंडलिक हा दुवा मला पटतो. पांडुरंगापाशी मात्र मी अडतो. गावाचं जुनं कानडी वळणाचं नाव ‘पंडरगे’ आहे, आणि पंढरी, पंढरपूर, पांडुरंग ही सगळी त्याचीच संस्कृताळलेली किंवा घासलेली रूपं आहेत असं मानणं मला सोपं वाटतं. गावाच्या नावावरून देवाचं नाव पडलं, मग देवाच्या नावाला अर्थ शोधला गेला. मूर्ती कुणाची, हा प्रश्न शब्दांनी सुटणारा नाही. तो शिल्पाचा आणि उत्खननाचा आहे. पण ज्या समाजाला पंढरपुरात चोखोबाच्या पायरीपाशी थांबवलं, त्यांच्या नेत्यानं त्या देवाचं मूळ नाव विचारावं, यामागचा रोख समजायला व्याकरण लागत नाही.

आता मुद्द्याचा शब्द: पंकज. संस्कृत व्याकरणाच्या आणि न्यायाच्या पोथ्यांत ‘योगरूढ’ शब्दाचं हे ठरलेलं उदाहरण. पंकात जे जन्मतं ते पंकज, हा झाला योग. पण चिखलात जन्मणाऱ्या सगळ्यांना कुणी पंकज म्हणत नाही, ही झाली रूढी. पोथीवाले कोकणात आले असते तर त्यांना आणखी चांगलं उदाहरण मिळालं असतं. ओहोटीला राजपुरीच्या खाडीत उघड्या पडलेल्या चिखलावर टणाटण उड्या मारणारी निवटी ही शंभर टक्के पंकज. चिंबोरीही पंकज. तिवरं तर हवीच. आणि कमळ? कमळ तिथे एकही नाही. खाजणात मैलोगणती चिखल आहे, पण पाणी खारं आहे, आणि खाऱ्या पाण्यात कमळ उगवत नाही. ज्याच्या नावावर चिखल लिहिलेला आहे, त्या फुलाला आधी गोडं पाणी लागतं.

हे एवढं सांगण्याचं कारण म्हणजे सत्कारसमारंभ. बौद्धवाडीतली एखादी मुलगी न्यायाधीश होते, एखादा मुलगा आयुक्त होतो. तालुक्याच्या ठिकाणी शाल-श्रीफळ होतं, आणि वक्ता हमखास म्हणतो, ‘चिखलातून कमळ उगवलं.’ हेतू कौतुकाचाच असतो. पण क्षणभर वाडीतल्या लोकांच्या जागी बसून हे वाक्य ऐका. कमळ ती एकटी; मग चिखल कोण? तिची आई, तिचा बाप, तिला शाळेत सोडायला येणारी आजी. वर हे वाक्य बुद्धाच्या नावावर खपवलं जातं, कारण विहारातल्या मूर्तीखाली कमळ आहे ना!

बुद्धाच्या तोंडी काय आहे ते बघू. उक्कट्ठा आणि सेतव्या या गावांमधल्या वाटेवर द्रोण नावाच्या ब्राह्मणाला पावलांत चक्राचे ठसे दिसतात. त्यांच्या मागोमाग जाऊन तो झाडाखाली बसलेल्या माणसाला विचारतो, तू देव आहेस का, गंधर्व का, यक्ष का, माणूस का? सगळ्याला नाही म्हटल्यावर उत्तर येतं ते कमळाचं. उप्पल, पदुम किंवा पुंडरीक पाण्यात जन्मतं, पाण्यात वाढतं आणि पाण्याच्या वर येऊन पाण्यानं न माखता उभं राहतं. पाणी, पाणी आणि पाणी. चिखलाचं नाव नाही. बोधी मिळाल्यावर धम्म सांगावा की न सांगावा या विचारात असताना जगाकडे टाकलेल्या नजरेतही कमळांचं तळंच आहे: काही फुलं अजून पाण्याखाली, काही पाण्याच्या रेषेवर, काही वर आलेली. इथे तर तिन्ही पातळ्यांना एकच पाणी आहे. खालचं फूल घाण नाही, ते अजून वर यायचं आहे. गीतेतलं कमळाचं पानही पाण्यानंच न भिजणारं आहे, चिखलानं नव्हे. ‘कमलपत्राप्रमाणे अलिप्त’ हा मराठीतला जुना वाक्प्रचार याच घराण्यातला. चिखलातलं कमळ हा त्याचा उपटसुंभ भाऊबंद आहे.

विरोधी पुरावा लपवून चालणार नाही. धम्मपदाच्या पुष्पवर्गात उकिरड्यातलं कमळ आहे. राजमार्गाच्या कडेला टाकलेल्या कचऱ्याच्या ढिगात सुगंधी पदुम उगवावं, तसा बुद्धाचा श्रावक प्रज्ञेनं झळकतो, असा तिथला आशय. म्हणजे घाण आहे. पण तिथे कचऱ्याच्या जागी कोण बसवलं आहे तेही त्याच गाथेत आहे: अज्ञानानं आंधळे झालेले सामान्य जन. कुठल्या वाडीतले, कुठल्या कुळातले, असं काही नाही. जन्माचा मुद्दा तिथे बसत नाही. सत्काराच्या भाषणात तो वक्ता बसवतो.

पाण्याचं बोलायचं तर रायगड जिल्ह्यात त्याला एक तारीख आहे. २० मार्च १९२७, महाडचं तळं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता, महाडच्या नगरपालिकेनं तो मानलाही होता, आणि तरी त्या दिवशी बाबासाहेबांना ओंजळभर पाण्यासाठी मोर्चा न्यावा लागला. मार्चातलं कोकण, उकाडा, आणि तळ्याचं नाव ‘चवदार’, म्हणजे चवीचं, गोड्या पाण्याचं. त्यांचं मूळ गाव आंबडवे श्रीवर्धन तालुक्यासमोर, बाणकोटच्या खाडीपलीकडे मंडणगडात. बागमांडल्याच्या धक्क्यावरून वेसवीला फेरीबोट जाते ना, त्याच बाजूला. या लोकांना चिखल कमी पडला नव्हता. अडवलेलं होतं ते पाणी.

एक शब्द राहिला. थेरगाथेत सुनीत नावाचा थेर आपली हकीकत सांगतो. नीच मानलेल्या कुळात जन्म, घरात दारिद्र्य, धंदा सुकलेली फुलं उचलून टाकण्याचा. पालीत त्या धंद्याला शब्द आहे, पुप्फछड्डक. देवळातल्या, राजवाड्यातल्या कोमेजलेल्या फुलांचा ढीग डोक्यावर घेऊन जाणारा माणूस. एके दिवशी तो बुद्धाला रस्त्यात भेटला आणि जागच्या जागी संघात आला. मराठीत त्या फुलांसाठी ‘निर्माल्य’ हा भारदस्त शब्द आहे, आणि अलीकडे गणपतीच्या दिवसांत किनाऱ्यावर निर्माल्य कलशही ठेवतात. माळेच्या बाजूनं माळी आहे, फुलारी आहे. ते कलश रात्री उपसून नेणाऱ्याला नाव नाही. त्याला आपण ‘सफाईवाला’ म्हणतो. कोशकारांपैकी कुणी मनावर घेतलं तर ‘फुलछाड्या’ चालेल असं मला वाटतं. छड्ड धातू मराठीत ‘सांडणे-छांडणे’मध्ये अजून शिल्लक आहेच.