डीपीत मोबाइल नंबर कापला जातोय? फोटोचं माप आधी समजून घ्या

वेरूळ (ता. खुलताबाद) : सीताफळ-पेरू विकणारे असोत, हॉटेलवाले असोत की लेणीचे गाईड, आता निम्मं गिऱ्हाईक मोबाइलवरच जोडावं लागतं. पण दुकानाच्या बोर्डाचा फोटो डीपीला लावला की नावाची पहिली अक्षरं आणि नंबरचे शेवटचे आकडे गायब होतात. मग फोन येणार कुठून?

दोष फोनचा नसतो. व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम तिन्हीकडे प्रोफाइल फोटो चौकोनी घेतात आणि गोल दाखवतात. चौकोनातून गोल काढला की चारही कोपरे मिळून साधारण २१ टक्के भाग जातो. त्यात चॅटच्या यादीत तो गोल जेमतेम नखाएवढा दिसतो. त्यामुळे डीपीत नंबर लिहायच्या भानगडीत पडूच नये. एक चेहरा किंवा एकच फळ मधोमध घ्यावं, कडेला मोकळी जागा ठेवावी. नंबर पोस्टच्या मजकुरात टाकावा. तिथून तो कॉपी करता येतो.

पोस्टचं गणित वेगळं आहे. १६ नंबरच्या लेणीत, म्हणजे कैलासात, नंदीमंडपाच्या दोन्ही बाजूंना दोन उंच ध्वजस्तंभ आहेत. दोन्ही यावेत म्हणून पर्यटक फोन आडवा धरतात. फोनचा आडवा फोटो बहुधा ४:३ मापाचा असतो. तो इन्स्टाग्रामसाठी ४:५ असा उभा कापला तर रुंदीतला ४० टक्के भाग जातो. मग एक तरी स्तंभ गेलाच समजा! उभा काढलेला फोटो (३:४) ४:५ केला तर उंचीतला फक्त सहा टक्क्यांच्या आसपास भाग जातो. म्हणून फोटो कुठं टाकायचा ते आधी ठरवा, मगच फोन उभा की आडवा ते बघा.

नेहमी लागणारी मापं अशी : इन्स्टाग्रामची उभी पोस्ट १०८० बाय १३५० पिक्सेल, चौकोनी १०८० बाय १०८०. स्टेटस आणि स्टोरी १०८० बाय १९२०. स्टेटसवर वर नाव आणि खाली रिप्लायची जागा येते, तिथं मजकूर ठेवू नका. यूट्यूबचा थंबनेल १२८० बाय ७२०. इन्स्टाग्रामने जानेवारी २०२५ पासून प्रोफाइलवरची चौकट चौकोनी ऐवजी उभी केली, त्यामुळे जुन्या चौकोनी पोस्टच्या कडा तिथं कापलेल्या दिसतात.

फोटो धूसर का होतो? व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो आधीच बारीक झालेला असतो. त्यातला लहानसा तुकडा कापून मोठा केला की अक्षरं फुटतात. पाठवणाऱ्याला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, मूळ फोटो जसाच्या तसा येतो.

कापायला वेगळं ॲप लागत नाही. गॅलरीत फोटो उघडा, एडिट, मग क्रॉप, आणि तिथंच १:१, १६:९ असं माप निवडा. जमलं तर 'सेव्ह कॉपी' करा, म्हणजे मूळ फोटो शाबूत राहतो. कैलास कोरणाऱ्यांना ही सोय नव्हती.

पोस्टमध्ये पैसे घेण्याचा क्यूआर कोड असेल तर त्याच्या भोवतीची पांढरी कड कापू नका, कोड वाचायला ती लागते. टाकल्यावर दुसऱ्या फोनवरून स्कॅन करून नाव आपलंच येतं का ते बघा.